केबलच्या इंटरनेटला नवा राउटर जोडलाय, वाय-फाय दिसतंय पण नेट येत नाही

सातारकन्या

नमस्कार मंडळी. महिनाभरासाठी साताऱ्याला आईबाबांकडे आले आहे, ऑफिसचं काम इथूनच करायचंय. घरी केबलवाल्याचं इंटरनेट आहे, सहासात वर्षं झाली. गच्चीवरून एक करडी वायर खिडकीच्या चौकटीतून आत येते आणि थेट बाबांच्या डेस्कटॉपला लागते. मध्ये मोडेम वगैरे काही नाही. बाबा कॉम्प्युटर सुरू करून 'ब्रॉडबँड कनेक्शन' नावाच्या आयकॉनवर दोनदा क्लिक करतात, 'कनेक्ट' दाबतात, की नेट चालू.

मला लॅपटॉप आणि फोनवर नेट हवं म्हणून काल राजवाड्याजवळच्या दुकानातून दोन अँटेनावाला वायरलेस राउटर आणला. मागे पाच भोकं आहेत, चार पिवळी आणि एक निळं. डेस्कटॉपची वायर काढून पिवळ्या नंबर एकमध्ये घातली. फोनवर वाय-फायचं नाव दिसतं, खाली स्टिकरवर छापलेला पासवर्ड टाकला की जोडलंही जातं, सगळ्या दांड्या भरलेल्या. पण खाली लिहून येतं, 'इंटरनेट नाही'.

केबलवाल्यांना फोन केला तर म्हणाले, राउटर आमच्याकडूनच घ्यावा लागेल, बाहेरचा चालत नाही. खरंच असं असतं का? सोमवारपासून मीटिंग सुरू होतायत आणि बाबांना आणखी खर्चात पाडायचं नाही.

तारवाला

बाहेरचा राउटर चालतो. तुमचं वर्णन इतकं नेमकं आहे की निम्मं उत्तर त्यातच आहे.

पहिली गोष्ट, वायर चुकीच्या जागी आहे. पिवळी चार भोकं म्हणजे लॅन, घरातली उपकरणं जोडायला. निळं एकटं भोक म्हणजे वॅन, बाहेरून येणारं इंटरनेट तिथे लागतं. काही कंपन्या रंग वेगळे देतात, पण बाकीच्या चारांपासून जरा बाजूला असलेलं आणि 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेलं भोक शोधायचं.

दुसरी गोष्ट, तुमचे बाबा तो आयकॉन दाबून जे करतात त्याला पीपीपीओई म्हणतात. युजरनेम आणि पासवर्ड देऊन कॉम्प्युटर केबलवाल्याच्या सर्व्हरला 'डायल' करतो. आता कॉम्प्युटरच्या जागी राउटर बसणार, म्हणजे डायल राउटरने करायला हवं. ते त्याला अजून कोणी सांगितलेलंच नाही. वाय-फायच्या दांड्या फक्त फोन आणि राउटरमधला संबंध सांगतात, राउटरच्या पलीकडे नेट आहे की नाही हे त्यावरून कळत नाही.

वायर निळ्यात घाला आणि दिव्याचा रंग सांगा.

डोंबिवली_फास्ट

ताई, वायर पिवळ्यातून आधी काढा, आत्ताच. राउटर स्वतःच्या लॅनवर जो येईल त्याला आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा आकड्यांतला पत्ता, वाटत असतो. बाहेरची वायर लॅनमध्ये घातली की तो ती वाटणी गल्लीतल्या इतर घरांनाही करू लागतो. आमच्या बिल्डिंगमध्ये पीपीपीओई नव्हतं, वायर लावली की आपोआप आयपी मिळायचा. दुसऱ्या मजल्यावर एकांनी असाच राउटर उलटा जोडला आणि अख्ख्या विंगचं नेट दोन दिवस अधूनमधून जात राहिलं. केबलचा माणूस घरोघरी एकेक वायर काढून बघत फिरला तेव्हा कारण सापडलं. केबलवाले बाहेरच्या राउटरला नको म्हणतात त्यामागे असे अनुभवही असतात, प्रत्येक वेळी विक्रीसाठीच म्हणतात असं नाही.

सातारकन्या

लगेच काढली. निळ्यात घातल्यावर इंटरनेटचा दिवा केशरी लागला. आधी लागतच नव्हता.

तारवाला

छान. केशरी म्हणजे वायरमध्ये जीव आहे, पण इंटरनेट मिळालेलं नाही. आता सेटिंग. जरा सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न दर सुट्टीत कोणीतरी विचारतं.

आपल्याकडे 'केबलचं नेट' या एका नावाखाली तीनचार वेगळ्या गोष्टी चालतात. एक तुमच्यासारखी, गच्चीवरच्या स्विचमधून (घरोघरी वायरी वाटणारा डबा, विजेचं बटण नव्हे) साधी लॅनची वायर घरात. दुसरी टीव्हीच्या जाड गोल केबलवरून येणारी, तिला केबल मोडेम लागतो. ही मुंबई-पुण्यात बरीच होती. तिसरी आताची, फायबरची बारीक पिवळी किंवा काळी तार आणि भिंतीवर एक छोटा डबा. राउटर तिन्हींना जोडता येतो. मोडेम किंवा डबा असेल तर त्याच्या लॅनमधून निघालेली वायर राउटरच्या वॅनमध्ये, नसेल तर बाहेरची वायर थेट वॅनमध्ये.

वायर जोडल्यावर राउटरला सांगावं लागतं की आयपी कसा मिळवायचा. तिथे मुख्य पर्याय तीन. डायनॅमिक आयपी म्हणजे समोरून आपोआप मिळेल. स्टॅटिक आयपी म्हणजे केबलवाल्याने आकड्यांतले पत्ते लिहून दिलेत, ते टाका. आणि पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्ड. तुमचं तिसरं.

राउटरच्या पोटाखालचं स्टिकर बघा, त्यावर १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा पत्ता असेल. फोन राउटरच्या वाय-फायला जोडा, मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर फोन 'इथे नेट नाही' म्हणून तिकडे पळतो. मग ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका. नव्या राउटरवर आधी ॲडमिन पासवर्ड बनवायला सांगतात. पुढे वॅन किंवा इंटरनेट सेटिंगमध्ये पीपीपीओई निवडा, बाबांचं युजरनेम-पासवर्ड टाका, सेव्ह करा, 'कनेक्ट' दाबा.

आणि डेस्कटॉपवरचं कनेक्शन रीतसर 'डिसकनेक्ट' करून मग वायर काढायची. तशीच ओढून काढली तर सर्व्हरला वाटतं तुम्ही अजून आत आहात. एका खात्यावर एकच जोडणी चालते, म्हणून नव्याला तो दार उघडत नाही. तसं झालं असेल तर दहापंधरा मिनिटं थांबा.

पाचोळा

+१. यात एक भर. दुकानात 'वाय-फाय राउटर द्या' म्हटलं की काही वेळा टेलिफोन लाइनवरच्या ब्रॉडबँडचा मोडेम-राउटर हातात पडतो. मी तसाच आणला होता. मागे फोनच्या पिनचं लहान चौकोनी भोक, बाकी चार लॅन, आणि निळं काही नाहीच. दुकानदाराने उघडलेला खोका परत घेतला नाही. विकत घेताना मागची बाजू बघूनच घ्यावा.

सातारकन्या

तारवालाकाका, सगळं केलं. नवी अडचण पासवर्डची होती. डेस्कटॉपवर तो ठिपक्यांत दिसतो आणि बाबांना आठवत नव्हता. केबल ऑफिसला विचारला, त्यांनी दिला. युजरनेममध्ये शून्य आहे की इंग्रजी ओ, यावर बाबांचं आणि माझं दहा मिनिटं चाललं होतं. जुन्या पावतीवर शून्याच्या पोटात तिरकी रेघ सापडली, म्हणजे शून्यच.

पण राउटर म्हणतो 'ऑथेंटिकेशन फेल्ड'. अर्धा तास थांबून परत केलं, तेच. हीच माहिती डेस्कटॉपवर नव्याने टाकली तर नेट लगेच लागतं.

तारवाला

म्हणजे माहिती बरोबर आहे आणि सर्व्हरपर्यंत पोचतेही आहे. पोचली नसती तर 'सर्व्हर उत्तर देत नाही' असा वेगळा निरोप आला असता. हे दोन निरोप नीट वाचायचे, त्यावरून वायर तपासायची की खातं हे ठरतं.

तुमच्या केबलवाल्यांनी मॅक बांधलेला दिसतो. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच एक क्रमांक मिळतो, बारा अक्षरांचा, दोनदोनच्या जोड्यांत, शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ अक्षरं. तो मॅक ॲड्रेस. एक खातं दोन घरांत वापरलं जाऊ नये म्हणून बरेच केबलवाले खात्याला हा क्रमांक बांधून ठेवतात. त्यांच्या वहीत बाबांच्या डेस्कटॉपचा क्रमांक आहे. राउटर वेगळा क्रमांक घेऊन दारात आला, म्हणून परत पाठवला.

उपाय दोन. सरळ उपाय म्हणजे राउटरच्या स्टिकरवरचा मॅक त्यांना कळवून नोंद बदलून घ्या, ऑफिसात बसलेल्या माणसाचं दोन मिनिटांचं काम आहे. दुसरा उपाय म्हणजे राउटरमधली 'मॅक क्लोन' सोय. राउटर डेस्कटॉपचा क्रमांक धारण करतो. स्वतःच्याच घरातल्या स्वतःच्याच खात्यासाठी वापरायची ही सोय आहे, त्यात लपवाछपवी काही नाही.

सातारकन्या

ऑफिस रविवारी बंद, म्हणून मॅक क्लोन केलं. 'सध्याच्या उपकरणाचा मॅक वापरा' असं बटण होतं, ते दाबलं, सेव्ह केलं, राउटर बंद-चालू केला. परत 'ऑथेंटिकेशन फेल्ड'.

निळीशाई

बटण फोनवरून दाबलंत का?

सातारकन्या

हो, फोनवरूनच.

निळीशाई

मग फोनचा मॅक गेला. ते बटण 'जिथून हे पान उघडलंय त्या उपकरणाचा' क्रमांक उचलतं. शिवाय हल्लीचे फोन प्रत्येक वाय-फायला खरा क्रमांक देतही नाहीत, बनवलेला देतात. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून हे आपोआप चालतं.

एक छोटी लॅनची वायर घ्या, राउटरच्या खोक्यात असते. तिचं एक टोक डेस्कटॉपच्या मागे, दुसरं राउटरच्या कुठल्याही पिवळ्या भोकात. आता डेस्कटॉपवर ब्राउझर उघडून त्याच पानावर जा आणि तिथून बटण दाबा. बाबांचा तो 'ब्रॉडबँड कनेक्शन' आयकॉन मात्र आता दाबायचा नाही, डायल करणं राउटरचं काम झालं.

सातारकन्या

लागलं!!!

सेव्ह दाबलं आणि दिवा केशरीचा हिरवा झाला. बाबा राउटरपाशी खुर्ची ओढून बसले होते, त्यांनाच आधी दिसला. डेस्कटॉप वायरने, लॅपटॉप आणि दोन्ही फोन वाय-फायने, सगळं एकदम चालतंय. निळीशाई, तुमच्या त्या एका ओळीच्या प्रश्नाने माझी रात्र वाचली. तारवालाकाका, तुमचे आभार कसे मानू.

आता उरलेले दोन प्रश्न. प्लॅन १५० एमबीपीएसचा आहे, डेस्कटॉपवर वायरने ९३-९४ च्या पुढे जात नाही. आणि घर जुनं आहे, दीड फुटी दगडी भिंती. पुढच्या खोलीत झकास, मागे स्वयंपाकघरात काहीच नाही.

तारवाला

९४ हा आकडा दिसला की संशय वेगावर घ्यायचा नाही, भोकावर आणि वायरवर घ्यायचा. राउटरच्या खोक्यावर 'फास्ट इथरनेट' किंवा '१०/१००' लिहिलंय का बघा. तसं असेल तर त्याची भोकं शंभराचीच आहेत आणि वरखर्च जाऊन हातात साधारण ९४ येतात. खोक्यावर ३०० किंवा १२०० असा मोठा आकडा असतो तो वाय-फायचा, आणि तोही कागदावरचा. १०० च्या वरचा प्लॅन असेल तर 'गिगाबिट' लिहिलेलाच राउटर घ्यावा.

राउटर गिगाबिट असूनही ९४ येत असेल तर दोष वायरीत शोधा. लॅनच्या वायरीत आठ तारा, चार जोड्या. शंभरच्या वेगाला त्यातल्या चारच लागतात, म्हणून जुन्या जोडण्यांत काही ठिकाणी चारच बसवलेल्या आहेत. गिगाबिटला आठही लागतात. वायरीच्या टोकाची पारदर्शक पिन उजेडात धरून तारा मोजा. नेहमीचा क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी.

सातारकन्या

राउटर गिगाबिट आहे. पिनेत चारच तारा दिसतायत, बाकीच्या चार मागे कापून टाकल्यात. पिनेची वरची प्लास्टिकची जीभही तुटलेली आहे, म्हणून वायर ढिली बसते. बाबा म्हणतात मांजर मागून गेलं की नेट जायचं.

तारवाला

मग पिन बदलून घ्याच, पण दोन्ही टोकांना. गच्चीवरच्या टोकालाही आठ हव्यात. आणि तिथला स्विच शंभराचा असेल तर मात्र तो बदलेपर्यंत ९४ वरच राहाल. मीटिंगला ते भरपूर आहे.

पाचोळा

दगडी भिंतीसाठी माझा उपाय सांगतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून जरा जास्त आत जाते, ५ ची वेगवान पण लवकर दमते. मागच्या खोलीसाठी २.४ वापरा आणि चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एक ठेवा, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर किंवा काचेच्या शोकेसमध्ये नको. उंच, मोकळा, दाराच्या रेषेत ठेवा. आमच्या वाड्यात तो दाराच्या चौकटीवरच्या फळीवर ठेवल्यावर माजघरात पहिल्यांदा नेट आलं.

दीड फुटी भिंत दोनदा ओलांडायची असेल तर मात्र वायरच हवी. चुकून आणलेला तो मोडेम-राउटर मी शेवटी तिथे वापरला. त्याचा पत्ता १९२.१६८.०.२ केला, कारण मुख्य राउटरचा ०.१ आहे आणि दोघांचा सारखा चालत नाही. आयपी वाटणारं डीएचसीपी बंद केलं. मुख्य राउटरच्या पिवळ्या भोकातून वायर ओढून त्याच्या लॅनमध्ये घातली. चार वर्षं स्वयंपाकघरात चालतोय.

अटलांटिक

न्यू जर्सीतून. इथे केबल म्हणजे खरीखुरी टीव्हीची गोल केबल आणि मोडेम, तुमच्या धाग्यातला दुसरा प्रकार. युजरनेम-पासवर्ड काही नसतं, राउटरमध्ये डायनॅमिक आयपी. पण गंमत तीच, मोडेम पहिल्यांदा जोडलेलं उपकरण लक्षात ठेवतो. लॅपटॉप काढून राउटर लावला की तो ओळखत नाही. अशा वेळी मोडेमची वीज काढायची, दोन मिनिटं थांबायचं, मोडेम लावून त्याचे दिवे स्थिर होऊ द्यायचे आणि मगच राउटर चालू करायचा. हा क्रम चुकला की तासभर जातो. नव्याने आलेल्या मुलांना मी आणखी एक सांगते. मोडेम स्वतःचा घेता येतो, कंपनीचा भाड्याने घ्यायलाच हवा असं नाही, आणि स्वतःचा असेल तर त्याचं भाडं बिलात लावायला डिसेंबर २०२० पासून कायद्याने मनाई आहे. बिल वाचा.

डोंबिवली_फास्ट

सुरक्षिततेबद्दल अजून कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बाँबस्फोटांच्या काही मिनिटं आधी आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या वाय-फायवरून गेलेला निघाला. त्या घरातल्या माणसाला कितीतरी दिवस पोलिसांच्या चौकशीला तोंड द्यावं लागलं. आयपी ॲड्रेसवरून पोलीस येतात ते कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्या दारात. तुमचं कनेक्शन बाबांच्या नावावर आहे.

म्हणून वाय-फाय उघडं ठेवू नका. वाय-फायच्या कुलपाचा प्रकार निवडताना डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा, जुनं डब्ल्यूईपी अजिबात नको. डब्ल्यूपीएस नावाचं बटण दाबून जोडायची सोय बंद करा. पासवर्ड घराच्या नावाचा किंवा मोबाइल नंबरचा नको. आणि राउटरच्या पानाचा ॲडमिन पासवर्ड वेगळा ठेवा. केबलचा, ॲडमिनचा आणि वाय-फायचा असे हे तीन पासवर्ड आहेत, घरोघरी यांचीच गल्लत होते.

घाटमाथा

गडहिंग्लजहून लिहितोय. मे महिना आहे आणि गच्चीवरून आलेली वायर आता थेट तुमच्या नव्या राउटरमध्ये आहे, म्हणून हे सोमवारच्या आत वाचा. वळवाच्या पावसात माझे दोन राउटर गेले. दोन्ही वेळा वीज घरावर पडली नव्हती, जवळपास कुठेतरी कडाडली एवढंच. दोन्ही वेळा मी विजेचं बटण बंद केलं होतं. तरी वॅनचं भोक जळलं, कारण धक्का वायरीतून आला. बाकीचा राउटर चालू, वाय-फायचं नाव दिसतं, पण निळ्यात काही घातलं तरी दिवा लागत नाही. दुसऱ्या वेळी त्याच राउटरला वायरने जोडलेल्या कॉम्प्युटरचं लॅन कार्डही गेलं.

आभाळ भरून आलं की आधी निळ्यातली वायर काढायची, मग वीज बंद करायची. रात्री झोपताना आणि गावाला जातानाही. बाबांना एकदा हाताने करून दाखवा, फोनवरून सांगून ते होत नाही.

सातारकन्या

शेवटची खबर देते. केबल ऑफिसचा मुलगा आज येऊन दोन्ही टोकांना आठ तारांच्या पिना बसवून गेला. गच्चीवरचा स्विच शंभराचाच निघाला, त्यामुळे वेग ९४ वरच आहे, पण सकाळपासून एकदाही तुटलेलं नाही. राउटरचा खरा मॅक त्याने नोंदवून घेतला, क्लोन काढून टाकलं. बाहेरचा राउटर कसा चालला हे त्याने विचारलं, बाबांनी त्याला सगळं सांगितलं, चहा होईपर्यंत. त्याने निळ्या भोकाशेजारी पेनाने 'बाहेरची' असं लिहून दिलंय.

तिन्ही पासवर्ड बाबांनी कालनिर्णयच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेत, शून्याच्या पोटात तिरकी रेघ देऊन. राउटर दाराच्या चौकटीवर गेला, स्वयंपाकघरात दोन दांड्या येतात, आईला तेवढं पुरे आहे म्हणते.

घाटमाथा, संध्याकाळी चार वाजता अजिंक्यताऱ्यावर काळं भरून आलं. मी मीटिंगमध्ये होते. बाबा आत आले, निळ्यातली वायर काढून खिडकीच्या खिळ्याला अडकवली आणि बटण बंद केलं. मीटिंग मी मोबाइल डेटावर पुरी केली.